रॉटरडॅमला पहिला कंटेनर पाठवण्याआधी
यंदा पहिल्यांदाच नेदरलँड्सला द्राक्षं पाठवतोयस, ऐकून फार बरं वाटलं. पण आधी फवारणीची वही काढ. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले आणि आपला माल युरोपात अडकला. वेलीची वाढ रोखायला आम्ही ते सर्रास मारायचो. त्या हंगामात चांगले चांगले बागायतदार कर्जात गेले. म्हणून दुकानदार सांगेल ते औषध डोळे झाकून मारू नकोस. पुण्याजवळच्या मांजरी इथल्या द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी बघ, शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंतचे दिवस मोज. ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षबागांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर, प्लॉटची नोंद नसेल तर पुढची सगळी मेहनत वाया.

माल सकाळच्या गारव्यातच तोड. मण्यावरची पांढुरकी झाक बोट लागलं की जाते, म्हणून घड देठालाच धरायचा. प्रीकूलिंगला, म्हणजे तोडलेला माल लगेच थंड करायला, उशीर नको. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. अशा वेळी हिरवा देठच माल वाचवतो.

आणि पैशाचं बोलायला लाजू नकोस. कन्साइनमेंटवर दिलेल्या मालाचा भाव तिकडे पेटी उघडल्यावर ठरतो. माझ्या पहिल्याच वर्षी ‘माल नरम निघाला’ एवढाच निरोप आला, आणि माझ्याकडे साधा फोटोही नव्हता. तू किमान भाव लेखी घे, पेट्या भरताना फोटो काढ, कंटेनरमध्ये तापमान नोंदणारं यंत्र ठेवायला लाव. स्वतःच्या नावावर निर्यात करणार असशील आणि खरेदीदार नवा असेल, तर ईसीजीसीचा, म्हणजे परदेशी खरेदीदाराने पैसे बुडवले तर भरपाई देणाऱ्या सरकारी कंपनीचा, विमा काढल्याशिवाय उधारीवर माल सोडू नकोस.