स्टेप कमी करून भागत नाही

प्रश्न : तीन पदार्थांच्या अभिक्रियेचं सिम्युलेशन करते आहे. वेग-स्थिरांक 0.04, 10⁴ आणि 3×10⁷. उत्तर काळाच्या छोट्या टप्प्यांनी पुढे नेणारी चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा पद्धत, टप्पा म्हणजे स्टेप 0.01 सेकंद. आकडे लगेच फुटतात. 0.0005 केली तर चालतं, पण चारशे सेकंदांच्या आतच पुन्हा डळमळतं. आणखी लहान करू? रन आधीच रटाळ आहे.

उत्तर : नको. आकडे ओळखीचे आहेत, 1966 सालचं रॉबर्टसन यांचं उदाहरण. भल्याभल्यांना दमवलंय त्यानं.

मधला पदार्थ पाहा, पहिल्यापासून बनणारा आणि तिसऱ्यात जाणारा. तो लाखात पावणेचार भागांच्या वर जातच नाही, पण ढळला की अर्ध्या मिलिसेकंदात जागेवर येतो. त्याचा परतीचा वेग सेकंदाला सुमारे 2200. साधी ऑयलर पद्धत घ्या, म्हणजे आताच्या वेगानं थेट पुढची किंमत काढणारी. तिच्यात दर स्टेपला चुकीला 1 वजा (स्टेप गुणिले वेग) नं गुणलं जातं: 0.01 गुणिले 2200 म्हणजे 22, आणि 1 वजा 22 म्हणजे उणे 21. दर स्टेपला चूक एकवीसपट, तीही चिन्ह बदलून. दहा लाखांत एक एवढीशी चूक पाच स्टेपमध्ये चारवर जाते, आणि तुमचा एकूण माल आहे 1! रुंगे-कुट्टाची मर्यादा थोडी सैल, इतकंच. तिसरा पदार्थ साठत जातो तसा हा वेग दहा हजारांकडे चढतो, म्हणून तुमची 0.0005 ही नंतर अपुरी पडली. उत्तराचा आलेख मात्र तेव्हा अगदी संथ असतो. अचूकतेसाठी एवढ्या बारीक स्टेपची गरजच नसते.

इम्प्लिसिट पद्धत पुढच्या क्षणाचा वेग धरून समीकरण सोडवते. ऑयलर तशी केली तर तीच चूक दर स्टेपला 1 अधिक 22, म्हणजे 23 ने भागली जाते. कर्टिस आणि हिर्शफेल्डर यांनी 1952 मध्येच हा मार्ग दाखवला होता. सायपाय या पायथन लायब्ररीतल्या सॉल्व्हरला ‘बीडीएफ’ किंवा ‘राडाऊ’ ही इम्प्लिसिट पद्धत सांगा. प्रत्येक स्टेपला समीकरणं सोडवायला न्यूटनची आकडेमोड करावी लागते, त्यामुळे एकेक स्टेप महाग पडते. पण आठ लाख स्टेपचं काम काही शे स्टेपमध्ये उरकतं. जॅकोबियन, म्हणजे प्रत्येक वेग प्रत्येक पदार्थानुसार किती बदलतो याचा तक्ता, हातानं लिहून द्या, नऊच तर पदं आहेत.

टॉलरन्स, म्हणजे सॉल्व्हरनं चालवून घ्यायच्या चुकीची मर्यादा, मात्र तसाच ठेवू नका. निरपेक्ष टॉलरन्स मुळात 10⁻⁶ असतो आणि चारशे सेकंदांना मधला पदार्थ उरतो 3×10⁻⁶. म्हणजे एक तृतीयांश चूक चालेल, असं तुम्हीच सांगताय. त्या एका पदार्थाला 10⁻¹⁰ द्या.

आणि उणे आलं की शून्य करायची ओळ कोडमध्ये असेल तर काढा. मी ती एकदा घातली होती. आलेख सुंदर आला, पण तिन्ही पदार्थांची बेरीज 1 वरून हळूहळू वर सरकत होती, आणि मी आठवडाभर वेग-स्थिरांकांवर संशय घेत बसले. उलट, ती ओळ नसताना बेरीज 1 आली म्हणूनही निर्धास्त राहू नका. रुंगे-कुट्टात उत्तर फुटायला लागलं तरी बराच वेळ बेरीज 1 च दाखवते.