गणपतराव देशमुख सांगोल्यातून अकरा वेळा कसे निवडून आले?

शेतकरी कामगार पक्षासारख्या (शेकाप) लहान पक्षाचा उमेदवार सोलापूर जिल्ह्यातील एकाच मतदारसंघातून अकरा वेळा आमदार कसा होऊ शकतो आणि गणपतराव देशमुखांच्या प्रचाराचे तंत्र नेमके काय होते, असा आपला प्रश्न आहे. सांगोला आणि आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतील पाणीप्रश्नाचा पाठपुरावा मी बरीच वर्षे करत आलो आहे, त्यामुळे या विषयाबद्दल मला मनापासून आस्था आहे. गणपतरावांची निवडणूक मुळात प्रचाराच्या पंधरा-वीस दिवसांत लढलीच जात नव्हती. ती पाच वर्षे पाण्याच्या मागणीवर चालत असे, असे माझे मत आहे.

प्रथम कारकिर्दीचा क्रम सांगतो, कारण तो बऱ्याच ठिकाणी चुकीचा दिलेला आढळतो. मोहोळ तालुक्यातील पेनूर हे त्यांचे जन्मगाव. कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी सांगोल्यात वकिली सुरू केली आणि १९६२ साली ते पहिल्यांदा विधानसभेवर गेले. १९६७ साली पुन्हा विजयी झाले, १९७२ साली हरले, परंतु १९७४ च्या पोटनिवडणुकीत त्यांनी जागा परत मिळवली आणि १९७८, १९८०, १९८५ व १९९० अशा सलग चार निवडणुका जिंकल्या. १९९५ साली काँग्रेसचे शहाजीबापू पाटील यांनी त्यांचा अवघ्या १९२ मतांनी पराभव केला. त्यानंतर १९९९, २००४, २००९ आणि २०१४ अशा चारही वेळा ते निवडून आले. २०१९ साली त्यांनी स्वतःहून उमेदवारी घेतली नाही. म्हणजे विधानसभेतील त्यांची एकूण वर्षे पन्नासच्या वर जातात. एकाच मतदारसंघातून अकरा वेळा निवडून येणे हा देशातील विक्रम असल्याचे अनेकदा लिहिले जाते; ते खरे नाही, कारण केरळमधील के. एम. माणी हे पाला मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आले होते. गणपतरावांचे मोठेपण त्या विक्रमावर अवलंबून नाही, म्हणून ही दुरुस्ती करताना मला संकोच वाटत नाही.

एसटीने प्रवास करणारा आमदार ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध ओळख. एसटीच्या गाडीत ठरावीक आसनांवर आमदार-खासदारांसाठी राखीव असल्याची अक्षरे रंगवलेली असत, आणि बहुतेक गाड्यांमध्ये त्या आसनांवर इतर प्रवासीच बसलेले दिसत, कारण त्यांचा हक्क सांगायला सहसा कोणी येत नसे. आबा, म्हणजे गणपतराव, मात्र त्या आसनाचा खरोखर उपयोग करत. ही साधी राहणी अस्सल होती आणि लोकांना तिचे अप्रूपही होते. परंतु केवळ साधेपणामुळे मते मिळतात, हा समज मला पटत नाही. महाराष्ट्रात साधे राहणारे कितीतरी कार्यकर्ते आयुष्यभर निवडणुका लढले आणि हरले. शिवाय १९७२ आणि १९९५ साली गणपतराव तितकेच साधे होते, तरी हरले. एसटीच्या प्रवासाचा खरा लाभ वेगळाच होता, असे मला वाटते: गाडीत आणि स्थानकावर माणसे अर्ज हातात घेऊन सहज त्यांच्यापर्यंत पोहोचत आणि मध्ये कोणी दलाल नसे.

आता पाण्याकडे येतो. सांगोला हा पर्जन्यछायेतील तालुका आहे. माण नदी येथून वाहते, परंतु वर्षातील बराच काळ तिचे पात्र कोरडे असते. अशा तालुक्याला बाहेरून पाणी आणल्याशिवाय गत्यंतर नाही, हे गणपतरावांनी फार लवकर ओळखले होते. कृष्णेचे पाणी राज्यांमध्ये वाटून देणाऱ्या बचावत लवादाने त्या खोऱ्यातील ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी महाराष्ट्राच्या वाट्याला दिले होते आणि त्या निवाड्याचा फेरविचार ३१ मे २००० नंतर होऊ शकणार होता. आपल्या वाट्याचे पाणी त्याआधी अडवले नाही तर ते हातचे जाईल, ही धास्ती १९९० च्या दशकात सर्व दुष्काळी तालुक्यांत होती. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १९९३ साली आटपाडीला तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद सुरू झाली, आणि गणपतराव त्या चळवळीच्या व्यासपीठावर सातत्याने राहिले. कराडजवळ कृष्णेतून पाणी उचलणारी टेंभू योजना आणि मिरज तालुक्यातून पाणी उचलणारी म्हैसाळ योजना या दोहोंच्या लाभक्षेत्रात सांगोल्याची गावे आहेत, परंतु ती लाभक्षेत्राच्या शेपटाला आहेत. शेपटाकडच्या गावाला पाणी मिळवून देणे हे किती चिकाटीचे काम आहे, हे ज्याने कालव्यावर उभे राहून आवर्तनाची, म्हणजे पाळीने सोडल्या जाणाऱ्या पाण्याची, वाट पाहिली आहे त्यालाच कळेल. वरच्या तालुक्यांची तहान भागल्यावर जे उरते ते खाली येते. त्यात वीजबिल थकले की पंप बंद पडतात. म्हणून योजना मंजूर करून घेणे ही लढाईची सुरुवात असते. त्यापुढे दरवर्षी अर्थसंकल्पात तरतूद, मग कालव्याची अपुरी कामे, मग आवर्तनाची तारीख, अशा प्रत्येक टप्प्यावर पुन्हा मागणी करावी लागते.

ही मागणी ते बहुतेक काळ विरोधी बाकावरून करत होते, ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मंत्रिपद त्यांना मिळाले ते दोनदाच: १९७८ साली स्थापन झालेल्या शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात. पहिले सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाले आणि दुसऱ्याचा पाठिंबा शेकापने २००२ साली काढून घेतला. उरलेल्या काळात त्यांच्या हाती होती ती तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा आणि कपात सूचना ही सभागृहात सरकारला उत्तर द्यायला लावणारी आयुधे. नवख्या आमदाराला ती कागदी वाटतात. प्रत्यक्षात मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन कार्यवाहीत नोंदले जाते आणि पुढच्या अधिवेशनात तेच आश्वासन पुढे करून त्याला जाब विचारता येतो. वकिलीची शिस्त असलेल्या माणसाला हे काम चांगले जमते आणि गणपतरावांना ते अर्धशतकभर जमले.

दुसरा आधार होता संस्थांचा. कापूस हे ज्या तालुक्याचे मुख्य पीक नाही, तेथे त्यांनी सहकारी सूतगिरणी उभी केली आणि महिलांच्या सहकारी सूतगिरणीलाही बळ दिले. दुष्काळात गाव सोडून जाण्याऐवजी तालुक्यातच वर्षभर पगार मिळेल अशी नोकरी, हा त्यामागचा विचार होता. रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना १९९० साली आल्यानंतर बोर आणि डाळिंबाच्या बागा माळरानावर वाढल्या. त्या बागा शेतकऱ्यांच्या कष्टाच्या आहेत, कोणा एका नेत्याच्या नव्हेत, हे मी मुद्दाम नोंदवतो. परंतु दुष्काळी कामे, पाझर तलाव आणि चारा छावण्या यांसाठी तहसील कचेरीत रोज भांडणारा आमदार असणे याचे मोल त्या शेतकऱ्यांनी जाणले होते.

प्रचाराच्या तंत्राविषयी सांगायचे तर त्यात चमकदार असे फारसे काही नव्हते. गावोगावचे लाल झेंड्याचे जुने कार्यकर्ते, लोकवर्गणी, पारावरच्या छोट्या बैठका आणि पक्ष कधीही न बदलल्यामुळे आलेली विश्वासार्हता एवढीच त्यांची सामग्री होती. २०१४ साली सर्व मोठे पक्ष स्वतंत्र लढत असताना आणि देशभर मोदी लाटेची चर्चा असताना ऐंशी पार केलेले गणपतराव सुमारे पंचवीस हजारांच्या फरकाने विजयी झाले, ते याच बळावर.

त्यांच्या कारकिर्दीची एक बाजू मात्र मला खटकते. ज्या काळात ते सांगोल्यात अजिंक्य होते, त्याच काळात उर्वरित महाराष्ट्रात शेकाप आक्रसत गेला, आणि त्यांच्या उंचीचा दुसरा नेता पक्षाने त्या भागात वेळेत पुढे आणला नाही. त्याचा परिणाम २०१९ साली दिसला. नातू डॉ. अनिकेत देशमुख उमेदवार होते आणि शिवसेनेच्या शहाजीबापू पाटलांकडून ७६८ मतांनी हरले. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात गणपतरावांचे निधन झाले. २०२४ साली दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी ती जागा शेकापकडे परत आणली. आता त्यांच्यापुढेही पहिला प्रश्न टेंभू आणि म्हैसाळच्या शेपटाकडच्या गावांना आवर्तन वेळेवर मिळवून देण्याचाच आहे.