मालवाहू पिकअपमध्ये मागे पाहणारा डॅशकॅम नेमका कुठे आणि कसा बसवावा?

आपल्या प्रश्नावरून मला समजले ते असे: आपल्याकडे एकेरी केबिनची बोलेरो पिकअप आहे, तिच्यासाठी पुढे आणि मागे अशा दोन कॅमेऱ्यांचा डॅशकॅम (रस्त्याचे चित्रण सतत नोंदणारे यंत्र) घेतला आहे, पुढचा काचेवर व्यवस्थित बसला, परंतु मागचा केबिनच्या मागील काचेला आतून चिकटवल्यास माल भरल्यावर क्रेटांखेरीज काहीच दिसत नाही, आणि बाहेर लावायचा तर सोबत आलेली सहा मीटरची वायर पुरत नाही. मी जुन्नर तालुक्यातून नारायणगावचा टोमॅटो वाशीच्या बाजार समितीत नेणाऱ्या गाड्या चालवून घेतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. माझे मत स्पष्ट आहे: मालवाहतुकीच्या पिकअपमध्ये मागचा कॅमेरा केबिनच्या आत ठेवण्यात अर्थ नाही. तो हौद्याच्या मागच्या टोकाला, बाहेर, न हलणाऱ्या लोखंडावर लावावा. त्यासाठी कॅमेरा आणि वायर दोन्ही बदलावे लागले तरी ते करावे.

आतला कॅमेरा योग्य ठरतो तो इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्ससारख्या दुहेरी केबिनच्या, बहुधा रिकाम्या धावणाऱ्या गाडीत. तिथेही भिंग काचेला अगदी लागून ठेवावे लागते, नाहीतर रात्री केबिनमधल्या दिव्याचे प्रतिबिंब चित्रात उतरते. काचेवर गडद फिल्म असेल तर अंधारात चित्र आणखी मंद होते. आपल्या गाडीत या अडचणी तर आहेतच, शिवाय काचेमागे लोखंडी जाळी आहे, जाळीमागे केबिनच्या उंचीवर जाणारे क्रेट आहेत आणि त्यावर ताडपत्री आहे. केबिनच्या टपावर मागे तोंड करून कॅमेरा लावण्याचा सल्ला काही जण देतात. परंतु ताडपत्री फुगली किंवा क्रेटांची एक थर जास्त चढली की तोही आंधळा होतो, आणि गाडीच्या मागच्या कडेला लागून मागे असलेले काही मीटर, म्हणजे धडक जिथे बसते तेवढाच भाग, त्याला कधीच दिसत नाही.

आता बाहेरची जागा. फाळक्यावर कॅमेरा लावू नये, हे आधी सांगतो, कारण अनेक वायरमन सोय पाहून तिथेच लावून देतात. फाळका दिवसातून अनेकदा उघडतो, आपटतो, त्यावर हमाल पाय देतात, आणि बिजागरीपाशी वायर रोज दुमडून काही महिन्यांत आतून तुटते. उरतात दोन जागा. पहिली, फाळक्याखालचा आडवा स्थिर पट्टा, नंबर प्लेटच्या वर. ही जागा मध्यभागी असते, वायरही कमी लागते. मात्र सपाट पाठीच्या गाडीमागे हवेचा दाब कमी होतो आणि चाकांनी उडवलेला चिखल व धूळ उलट फिरून मागच्या पत्र्यावर बसते, त्यामुळे पावसाळ्यात माळशेज घाट उतरेपर्यंत भिंगावर लेप चढलेला असतो. दुसरी जागा म्हणजे हौद्याच्या मागच्या कोपऱ्यातला उभा खांब. बॉडी बाहेरून बांधून घेतलेली असेल तर हा खांब बहुधा वेल्डिंगने पक्का केलेला असतो. जमिनीपासून दीड ते पावणेदोन मीटर उंचीवर चिखल बराच कमी पोहोचतो आणि मागच्या गाडीच्या हेडलाइटचा झोतही थेट भिंगात शिरत नाही. आपल्या गाडीला असा खांब असेल तर मी तोच निवडेन, आणि तोही उजवीकडचा, कारण आपल्याकडे ओलांडणारी वाहने कायद्याने उजवीकडून येतात. डावीकडून दुचाकी घुसतात हेही खरे, पण कॅमेरा किंचित आत वळवला की रुंद भिंगात तीही बाजू येते.

खांबावर छोटा अँगल बसवून त्यावर कॅमेरा घ्यावा, आणि अँगलच्या वर पत्र्याचा बोटभर पुढे आलेला छज्जा करावा. दोर आवळताना किंवा क्रेट उतरवताना बसणारा पहिला फटका तो छज्जा घेतो. शक्य असेल तर क्लॅम्प आणि नट-बोल्ट वापरावेत. वेल्डिंगच करायचे झाल्यास बॅटरीची ऋण बाजू आधी सोडवावी आणि वेल्डिंगची अर्थिंग कामाच्या जागेजवळच घ्यावी, कारण आजच्या डिझेल गाड्यांतील इंजिनाचे संगणकी नियंत्रक भटक्या विद्युतप्रवाहाने बिघडू शकतात. चासीच्या मुख्य पट्ट्यांना नवीन भोक पाडू देऊ नये. तिथे कंपनीने ठेवलेली भोके पुरेशी असतात. कॅमेरा किंवा त्याची वायर नंबर प्लेटवर अथवा तिच्या दिव्यावर येता कामा नये.

कोन ठरवताना चित्राच्या तळाशी आपल्याच गाडीची कडा थोडीशी दिसली पाहिजे, म्हणजे धडक कुठे बसली यावर वाद होत नाही. आकाश मात्र वरच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा अधिक नसावे. जास्त आकाश आले की कॅमेरा उजेड कमी करतो आणि रस्ता काळवंडतो.

भिंगाच्या रुंदीबद्दल विक्रेते जे सांगतात त्याचा एक हिशेब करून पाहावा. फुल एचडी चित्राची रुंदी १९२० बिंदूंची (पिक्सेलची) असते. भिंग १३० अंशांचे असेल तर प्रत्येक अंशाला ढोबळमानाने १५ बिंदू मिळतात. मोटारीची ५०० मिलिमीटर रुंद नंबर प्लेट ५ मीटर अंतरावर सुमारे पावणेसहा अंशांत मावते, म्हणजे अख्ख्या प्लेटला ८५ बिंदू आणि दहा अक्षर-अंकांपैकी प्रत्येकाला जेमतेम आठ. उभ्या गाडीतून, दिवसा, हे वाचता येईल. धावत्या गाडीतून, संध्याकाळी, नाही. मागून येणाऱ्या दुचाकीची पुढची प्लेट तर २८५ मिलिमीटर रुंद आणि केवळ ४५ मिलिमीटर उंच असते. म्हणून १७० अंशांची जाहिरात करणाऱ्या कॅमेऱ्यापेक्षा १०० ते १२० अंशांचा कॅमेरा मी श्रेष्ठ मानतो. रात्री मागच्या गाडीचा हेडलाइट चालू असताना नंबर वाचता येईल अशी अपेक्षा कोणत्याच स्वस्त कॅमेऱ्याकडून ठेवू नये. रात्रीच्या चित्राचा उपयोग घटना कशी घडली हे दाखवण्यापुरता समजावा.

बाहेर लावायचा कॅमेरा किमान आयपी६७ दर्जाचा हवा. यातला ६ हा आकडा धूळ अजिबात आत जात नसल्याचा, आणि ७ हा एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडूनही टिकण्याचा. तरीही वॉशिंग सेंटरवरचा दाबाचा फवारा ही निराळी परीक्षा आहे. तिच्यासाठी आयपी६९के हा वेगळा दर्जा असतो. तो मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर धुणाऱ्याला कॅमेऱ्यापासून फवारा दूर ठेवायला सांगावे. आपल्या संचातला मागचा कॅमेरा काचेच्या आत लावण्याचा असेल तर तो सिलिकॉन फासून बाहेर वापरण्याचा खटाटोप करू नये; पहिल्याच पावसात आत वाफ धरते. नवा कॅमेरा मात्र आपल्या मुख्य यंत्राशी जुळणारा आहे का, हे विकत घेण्याआधी तपासून घ्यावे.

या कामात खरा वेळ जातो तो वायरीत. पुढच्या काचेवरून तिच्या बाजूच्या केबिनच्या खांबात, तिथून केबिनच्या तळाशी, मग चासीलगत मागे आणि पुन्हा वर हौद्याच्या खांबावर, असा मार्ग मोजला तर पाच मीटरच्या गाडीत आठ-नऊ मीटर वायर सहज लागते. आपल्या संचाच्या वायरीचे टोक पाहा. बारीक गोल पिन किंवा ट्रक-संचांत असतो तसा चार पिनांचा आट्यांचा कनेक्टर असेल, तर बहुधा तो ॲनालॉग एचडी प्रकारचा संकेत असतो आणि दहा मीटरची सलग वायर घेऊन काम होते. टोक यूएसबीसारखे असेल तर जोड देऊन लांबी वाढवू नये. चित्र तुटक येते किंवा येतच नाही, तेव्हा त्याच कंपनीची लांब वायर मागवावी, अथवा लांब वायर आणि जलरोधक कॅमेरा मुळातच सोबत देणारा आरशाच्या आकाराचा किंवा ट्रकसाठीचा संच घ्यावा. सहा अधिक सहा असा मध्ये जोड देण्याची वेळ आलीच, तर तो जोड केबिनच्या आत ठेवावा, चासीखाली कदापि नाही.

चासीलगत वायर नेताना कंपनीची मूळ वायरिंग ज्या मार्गाने गेली आहे तोच मार्ग धरावा, वायर नालीदार प्लास्टिक पाइपमधून न्यावी आणि सायलेन्सरची बाजू टाळावी. ब्रेकच्या पाइपला ती बांधू नये, प्रोपेलर शाफ्टजवळ (मागच्या चाकांना शक्ती नेणाऱ्या फिरत्या दांड्याजवळ) लोंबू देऊ नये. केबिन चासीवर रबरी बुशांवर बसलेली असते आणि खड्ड्यांत चासीपेक्षा वेगळी हलते. म्हणून केबिन संपते तिथे वायरीला हातभर सैल जागा द्यावी. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसणारे कडे) हवाच, नाहीतर पत्र्याची धार तिचे आवरण कापते. कॅमेऱ्याजवळ वायर आधी खाली वळवून मग वर आणावी, म्हणजे पाणी त्या वळणाच्या तळाशी ठिबकून जाते. आणि सगळे पाइप, टाय, पट्ट्या आवळण्यापूर्वी वायर नुसती जमिनीवर पसरून चित्र येते का ते पाहावे. वायरमन ही पायरी गाळतात.

कॅमेऱ्याला वीज फ्यूज बॉक्समधून, जादा फ्यूज धरणाऱ्या टॅपने घ्यावी. मूळ वायर सोलून जोड मारला तर नव्या गाडीच्या वॉरंटीवर वाद उभा राहतो. बारा व्होल्टचे पाच व्होल्ट करणाऱ्या संचात तीन वायरी असतात: एक कायम चालू वीजेसाठी, एक चावीबरोबर चालू होणाऱ्या वीजेसाठी आणि एक अर्थिंगची. रंगांवर विसंबू नये, कंपनीगणिक ते बदलतात. टेस्टर लावूनच ठरवावे. वाशीला गाळ्यासमोर रात्र काढताना कॅमेरा चालू राहावा असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु डिझेल इंजिनाच्या स्टार्टरला मोठा प्रवाह लागतो आणि १२.२ व्होल्टवर आलेली बॅटरी निम्मी रिकामी झालेली असते. त्यामुळे वीज तोडण्याची मर्यादा ११.६ वर न ठेवता १२.२ वर ठेवावी. यंत्र आतल्या लिथियम बॅटरीवर चालणारे असण्यापेक्षा सुपरकपॅसिटरचे (बॅटरीऐवजी थोडी वीज साठवणाऱ्या घटकाचे) असावे, कारण उन्हाळ्यात बंद केबिनमधल्या काचेपाशी लिथियम बॅटरी फुगते.

सेटिंगमध्ये तीन गोष्टी पाहाव्यात. मागचे चित्र आरशासारखे उलटे नोंदले जात नाही ना, हे नंबर प्लेटसमोर उभे राहून पाहावे. रिव्हर्स घेण्यासाठी बनवलेले कॅमेरे बहुधा उलटे चित्र देतात आणि काहींत त्यासाठी वायरीचे छोटे वेटोळे कापावे लागते. दिव्यांची लुकलुक टाळण्यासाठी ५० हर्ट्‌झ निवडावे. तिसरी गोष्ट पिकअपची खास आहे: धक्का जाणवताच चित्रणाचा त्या वेळचा तुकडा पुसला जाऊ नये म्हणून कुलूपबंद करणारा सेन्सर. रिकाम्या पिकअपचे पाटे इतके कडक असतात की प्रत्येक गतिरोधकाला हा सेन्सर अपघात समजतो, कुलूपबंद तुकड्यांनी कार्ड भरते आणि खरा अपघात होतो तेव्हा नोंदीला जागा उरत नाही. म्हणून संवेदनशीलता सर्वांत कमी ठेवावी. दोन्ही कॅमेरे मिळून सेकंदाला २४ मेगाबिट नोंदत असतील तर तासाला सुमारे ११ जीबी लागतात, म्हणजे १२८ जीबीच्या कार्डात अकरा-बारा तास. कार्ड सतत लेखनासाठी बनवलेले, हाय एन्ड्युरन्स जातीचे घ्यावे.

चालकाला एकच नियम घालून द्यावा: ताडपत्री बांधून झाली की ओल्या फडक्याने भिंग पुसायचे. कोरडे फडके धुळीने भिंगावर चरे पाडते.

शेवटी चित्रणाच्या उपयोगाबद्दल. घड्याळ आणि तारीख बरोबर आहे का, हे महिन्यातून एकदा तपासावे, कारण चुकीच्या तारखेच्या चित्रणावर समोरचा पक्ष पहिला आक्षेप तिथेच घेतो. अपघात झाल्यास यंत्र बंद करून कार्ड काढून ठेवावे, त्यावर पुन्हा नोंद होऊ देऊ नये, आणि व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या प्रतीलाच मूळ मानू नये. तिथे चित्रणाचा आकार घटवला जातो आणि ते मूळ राहत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून देताना प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यात कोणत्या यंत्रातून नोंद घेतली ते आणि त्या फाइलचे हॅश मूल्य (फाइल बदलली नाही हे ताडून पाहण्याचा तिचा सांकेतिक ठसा) लिहायचे असते, आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. हे वकिलाकडून करून घ्यावे, पण मूळ कार्ड, ते लावलेले यंत्र आणि खरेदीची पावती आपल्याजवळ एकत्र ठेवावी.