गच्चीवरचा अँटेना, मिस्त्रीचे ४,८०० आणि महिन्याचा रिचार्ज

प्रश्न : आम्ही फुलंब्री तालुक्यात राहतो. डीटीएचला महिन्याला ३५० रुपये जातात. सासरे सह्याद्री आणि बातम्या बघतात, मुलं मोबाइलवरच असतात. गच्चीवर म्हैसमाळच्या टीव्ही टॉवरकडे तोंड केलेला जुना अँटेना अजून उभा आहे. मिस्त्री म्हणतो, तो काढून ‘डिजिटल अँटेना’ आणि बॉक्स बसवा, ४,८०० रुपये होतील, मग रिचार्जची कटकट नाही. अद्रकीचे पैसे नुकतेच हातात आलेत. करावं का?

उत्तर : ताई, मिस्त्रीला आत्ता थांबवा. ४,८०० फिटायला चौदा महिने लागतील, तेही चित्र नीट आलं तर. ते येतं का, हे एक रुपया न मोडता आज संध्याकाळीच बघता येईल.

‘डिजिटल अँटेना’ हा दुकानातला शब्द आहे. अँटेना नुसत्या लहरी पकडतो. त्यात डिजिटल आहे की ॲनालॉग, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. फरक पडतो तो बँडचा, म्हणजे लहरींच्या पट्ट्याचा. लांब काड्यांचे जुने अँटेने व्हीएचएफचे, आणि डिजिटल प्रक्षेपण यूएचएफवर, त्याला आखूड काड्या लागतात. तरी टॉवर जवळ आणि मध्ये डोंगर नसेल, तर जुना अँटेनाही कधीकधी सिग्नल ओढतो. दूरदर्शनने २०१६ मध्ये १६ शहरांत डीव्हीबी-टी२ पद्धतीचं, म्हणजे टॉवरवरून अँटेन्यावर येणारं डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं, त्यात आपलं तेव्हाचं औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) होतं. लातूर, नांदेड त्या यादीत नव्हते. तिकडून कोणी हाच प्रश्न विचारला असता तर मी सरळ नाही म्हटलं असतं.

आता तुमचा टीव्ही बघा. पुस्तिकेत किंवा मागच्या लेबलवर डीव्हीबी-टी२ लिहिलेलं असेल तर अँटेन्याची वायर थेट टीव्हीत खोचा, सेटिंगमध्ये ‘अँटेना’ निवडून ऑटो स्कॅन लावा. वानरांनी काड्या वाकवल्या असतील तर आधी सरळ करून घ्या. डीटीएचच्या बॉक्सला ही वायर जोडू नका, तो फक्त सॅटेलाइटचा सिग्नल वाचतो. टीव्ही जुना असेल तर शेजाऱ्यांचा नवा तासाभरासाठी मागून आणा, त्यात लाजायचं काय! आणि डिजिटलमध्ये पूर्वीसारख्या मुंग्या येत नाहीत. चित्र स्वच्छ येतं, नाही तर चौकोन पडून अडकतं, नाही तर येतच नाही. त्यामुळे ‘थोडं फिरवलं की येईल’ या भरवशावर पैसे देऊ नका.

चित्र आलंच, तरी ही सेवा मोजक्या पाच चॅनेलांची म्हणून सुरू झाली होती, सगळी दूरदर्शनची. तेवढ्यासाठी ४,८०० मला पटत नाही.

तुमच्या घराला डीडी फ्री डिश जास्त शोभते. दूरदर्शनची ही सेवा २००४ पासून आहे, मासिक भाडं शून्य. सह्याद्री, डीडी न्यूज त्यावर आहेत, शिवाय खासगी चॅनेलही. ती मात्र जागांच्या लिलावाने येतात-जातात, आवडीची मराठी मालिका कायम राहीलच असं नाही. छत्री आणि बॉक्स मिळून साधारण दीड-दोन हजारांत काम होतं, म्हणजे पाच-सहा महिन्यांत वसूल. आहे ती छत्री तुमच्या मालकीची असेल तर आणखी स्वस्त : फ्री डिशच्या जीसॅट-१५ उपग्रहासाठी तिचं तोंड आग्नेयेला वळवून बरंच वर उचलायचं, बॉक्स तेवढा नवा. ती कंपनीने वापरायला दिलेली असेल तर आधी करार वाचा, उगाच दंड बसायला नको.

खरं नुकसान वेगळ्याच ठिकाणी होतं. नवीन बसवतात, दोन महिन्यांत कुणाला तरी एखादं चॅनेल आठवतं, आणि रिचार्ज परत सुरू. मग दोन्हीकडून पैसे जातात. म्हणून आत्ताचा रिचार्ज संपला की पंधरा दिवस तो भरूच नका. घरात कोण कुरकुरतं ते कळेल. सासऱ्यांना मात्र आधी सांगा, त्यांच्या बातम्या अचानक बंद झाल्या तर हिशेब बाजूला राहील आणि भांडण वाढेल. मधल्या दिवसांत सह्याद्री त्यांना मुलांच्या मोबाइलवर लावून द्या.

जमलं, तर वाचलेले ३५० डाळ-तेलात विरघळायच्या आत पोस्टात पाच वर्षांची आरडी उघडा. ६.७ टक्के व्याज धरलं तर २१,००० भरून जवळपास २५,००० हाती येतात. अद्रकीच्या पैशाला यासाठी हात लावू नका. पुढच्या लागवडीचं बेणं किती महाग होईल याचा नेम नाही.

अँटेना ठेवायचा असेल तर अर्थिंगची वायर तपासून घ्या, आणि वळवाचा पाऊस चढला की टीव्हीतली पिन उपसून ठेवा.