यांची जीभ वळत नाही

‘लेकीनं सात वर्षांपूर्वी मुसलमान मुलाशी लग्न केलं. जावई सालस आहे, जाणं-येणं सुरळीत आहे. हरतालिकेला माझा निर्जळी उपास होता, त्याच संध्याकाळी तिचा फोन आला की बाळाचं नाव रय्यान ठेवलंय. तेव्हापासून हे घुम्यासारखे बसलेत. तिच्यासमोर ‘बाळ’ म्हणतात, पाठीमागे ‘रावण’. पुढच्या आठवड्यात लेक बाळाला घेऊन येतेय, तेव्हा ती आंघोळीला गेली की गुपचूप पाळण्यात घालून ‘राजन’ ठेवायचं असं यांनी ठरवलंय. भिशीत बायका विचारतात, तर मीही ‘रायन’ सांगून सुटका करून घेते. नावाचा अर्थ काय? फार धार्मिक आहे का? – एक आजी, दांडिया बजार, बडोदा’

ताई,

अर्थ सोपा आहे. रय्यान म्हणजे तहान भागलेला, पोटभर पाणी पिऊन टवटवीत झालेला. शब्द अरबी.

आणि हो, नाव धार्मिक आहे. हदीस म्हणजे पैगंबरांची वचनं आणि आचार यांच्या नोंदी. त्यांतल्या सर्वांत मानल्या गेलेल्या बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ते येतं. स्वर्गाच्या आठ दारांपैकी एकाचं नाव अर्-रय्यान. कयामतच्या दिवशी त्यातून फक्त रोजे पाळणारे आत जातील आणि शेवटचा रोजेदार आत गेला की दार बंद. दिवसभर घोटभर पाण्यावाचून राहिलेल्यांच्या दाराला ‘तहान भागलेला’ हे नाव! तुम्हाला आणखी काय समजावू? हरतालिकेच्या दुसऱ्या दिवशी पूजा हलवून पहिला तांब्या तोंडाला लावता, ते पाणी घशातून उतरताना जे वाटतं ना, तेच तुमच्या नातवाचं नाव आहे.

पण म्हणून भिशीत ‘धार्मिक वगैरे नाही हो, नुसता पाण्याशी संबंध’ अशी मखलाशी करू नका. आईबापांनी ते नाव जाणूनबुजून निवडलं असणार. आणि ‘रायन’ तर अजिबात नको. त्यानं बायकांचं समाधान होत असेल, पण लेकीच्या कानावर गेलं तर तिनं काय समजायचं?

आता तुमच्या यजमानांकडे वळते. त्यांना विचारा, शिवाजी महाराजांच्या वडिलांचं नाव कुठून आलं? मालोजीराजांना नगरच्या शाह शरीफ पिराच्या कृपेनं मुलं झाली, म्हणून एक शहाजी आणि दुसरा शरीफजी, असं परंपरा सांगते. तेव्हा कुणाची जीभ अडखळली नाही.

एवढ्यानं नाही ऐकलं तर गोष्ट तुमच्याच गावातली. अब्दुल करीम खाँ बडोदा दरबारात गायला होते आणि तिथल्याच ताराबाई मान्यांशी त्यांचं जमलं. त्यांच्या मुलाचं नाव अब्दुल रहमान. पुढे ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या, मुलांना माने आडनाव लावलं आणि अब्दुल रहमानचे सुरेशबाबू झाले. हिराबाई बडोदेकरांचे हे थोरले भाऊ. एका मुलाला दोन नावं मिळाली ती घर मोडल्यावर. तुमच्याकडे घर धडधाकट उभं आहे, मग ही घाई कसली?

शिवाय राजन लपून राहणार नाही. तीन वर्षांचा झाला की जेवताना सहज म्हणेल, ‘आजोबा मला राजन म्हणतात.’ मग तुमची लेक मागचे सगळे मुक्काम एकेक करून आठवेल, आणि प्रत्येक वेळी तुम्ही कुठे होता तेही. लाडाचं नाव वेगळं. सोन्या म्हणा, बबड्या म्हणा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. ‘रावण’ मात्र आजच बंद. गंमत म्हणूनसुद्धा नको. हे त्यांना तुम्हीच सांगायचं, जावयानं ऐकायच्या आधी.

पाळण्यात घालायची हौस खरी असेल तर लेकीला उघड विचारा. त्यांच्याकडे बाळाच्या कानात अजान देतात. सातव्या दिवशी अकीका, म्हणजे बाळाच्या नावानं कुर्बानी, करतात, जावळ काढून केसांच्या वजनाइतकी चांदी दान करतात. आपल्याकडे आत्या कानात कुर्र करते. जावयाला बहीण असेल तर तिलाच बोलवा, आत्याचा मान तिचाच. मला नाही वाटत लेक नाही म्हणेल, पण म्हणाली तर विषय संपला, रुसायचं नाही.

राहता राहिला उच्चार. तुम्ही ‘अय्या’ म्हणता ना, त्यातलाच य्य. सकाळच्या चहाच्या वेळी यांच्याकडून चार वेळा म्हणवून घ्या. आणि पाळण्याची दोरी त्यांच्याच हातात द्या. ‘जो जो रे रय्याना’ चालीत नीट बसतं, मी म्हणून पाहिलंय.