गोळा लांब जातो पण फाईलला दोनच मार्क

मागच्या आठवड्यात एका आईने विचारलं, ताई माझा पोरगा जिल्ह्याला गोळाफेक खेळतो आणि नेमके फिजिकल एज्युकेशनलाच मार्क कमी, डोकं चालत नाही का त्याचं? हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतंच, म्हणून एक जुनी केस सांगते, ओळख बदलून.

पोरगा रावेरकडचा, घरी केळी, जळगावला खोली करून सीबीएसईच्या बारावीला. या विषयाला थिअरी 70 आणि प्रॅक्टिकल 30, त्यात फाईलला 5 आणि तोंडीला 5. सराव प्रॅक्टिकलला फाईलचे 2 आले आणि पठ्ठ्या दहा दिवस ग्राऊंडवरच गेला नाही. "मॅडम मला टाकता येतं, लिहिता येत नाय, मी ढच आहे."

फाईल बघितली. "गोळा जोरात फेकला. अँगल 45 अंश. परफॉर्मन्स चांगला." बस. सर म्हणाले यात ॲनालिसिस कुठंय, आणि खरं सांगू, सरांचं बरोबरच होतं. पण वर्गातल्या एकीला नुसत्या रंगीत आकृत्यांवर 5 पैकी 5 मिळालेले, ते मात्र मला खटकलं.

आता मला गोळ्यातलं काय कळतंय? म्हणून त्यालाच मोबाईलवर त्याचा थ्रो लावायला सांगितला, म्हटलं जिथे बिघडलं तिथे थांबव. एका जागी बोट ठेवलं नि घरच्या अहिराणीत सुटला, "मना कोपर खाले पडस ना." मग? मग म्हणे डावा पाय उशिरा टेकला, पायातला जोर हातापर्यंत आलाच नाही, केळीचा घड नुसत्या हाताने उचलला तर कंबर जाते ना मॅडम, पायातूनच उठवावा लागतो, तसंच हे. आणि 45? "ते पुस्तकातलं लिहिलं, तेवढा वर टाकला की जवळच पडतो."

मी सरांना विचारलं तर ते खूशच झाले. म्हणाले 45 चा हिशोब सुटायची आणि पडायची उंची सारखी असेल तेव्हाचा, गोळा तर खांद्याच्या वरून सुटतो, शिवाय जास्त वर ढकलायला गेलं की वेग मार खातो आणि अंतर सगळ्यात जास्त वेगावरच, म्हणून चांगल्या खेळाडूंचा अँगलसुद्धा साधारण 35 ते 40 च्या मधे येतो. म्हणजे पोराने अनुभवातून पकडलेलं बरोबर होतं आणि फाईलमधे लिहिलेलं चूक!

त्याला म्हटलं, अरे तुझ्या डोक्यातलं पानावर आलंच नाही, मग सर मार्क कशाला देणार? आधी फोनमधे अहिराणीतूनच बोलून रेकॉर्ड कर, मग ऐकून लिही, काय दिसलं, कशामुळे झालं, पुढच्या थ्रोला काय बदललं आणि टेपने अंतर मोजल्यावर किती फरक पडला. सर पण तयार झाले की तोंडीला त्याचाच व्हिडिओ लावून "का?" विचारायचं, सगळ्यांनाच, आकृत्यांवालीला सुद्धा.

दुसऱ्या फाईलला 4 मिळाले. एक मार्क अक्षरासाठी कापला म्हणे, त्यावरून हा सरांशी भांडून आला, त्या भांडणात मी पडले नाही.

मागच्या आठवड्यातल्या त्या आईला म्हटलं, आज जेवणं झाली की त्याचा एक फसलेला थ्रो लावा आणि विचारा, हा जवळ का पडला रे? तो बोलत असताना मधे बोलू नका.