बाहेरून जेवण मागवलं, म्हणजे मी घराकडे दुर्लक्ष करते का?

"मॅडम, आठवड्यातले तीन-चार दिवस आमच्याकडे बाहेरचंच असतं. फार अपराधी वाटतं. मी चुकतेय का?"

नोकरी करणाऱ्या बायकांकडून हा प्रश्न मी सतत ऐकते. माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या असतात दुसऱ्याच कारणाने. झोप लागत नाही, नवऱ्याशी खटके उडतात. अर्ध्या तासात विषय स्वयंपाकघरावर येतो आणि डोळे भरतात. म्हणून एका कुटुंबाबद्दल लिहिते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कुटुंब मुलुंडचं. त्या बेचाळिशीच्या, लोअर परळच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघतात. नवऱ्याचं ऑफिस अंधेरीला, मुलगा नववीत. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, बीपीची गोळी चालू. करी रोडहून स्लो लोकलने घरी पोचेपर्यंत यांना साडेआठ होतात. चपला काढायच्या आत मुलगा विचारतो, "आई, जेवायला काय आहे?" त्या म्हणाल्या, "या एका वाक्याने माझ्या पोटात गोळा येतो."

एका गुरुवारी त्यांनी पनीरची भाजी आणि नान मागवले. सासूबाईंनी सकाळचा भात ताकात कालवून खाल्ला आणि म्हणाल्या, "आमच्या वेळी घरात चूल पेटायची." नवरा मधे पडला, "अगं मग रोजच मागव ना, पैसे मी देतो." त्या रात्री त्या जेवल्याच नाहीत.

नवऱ्याचं बोलणं मला मनापासूनचं वाटलं. बायकोचे कष्ट वाचावेत असंच त्याला वाटत होतं. तरीही त्याच वाक्याने त्या जास्त दुखावल्या होत्या. हे का झालं ते शोधायचं ठरलं. मी त्यांना सांगितलं, आठवडाभर जेवणात काहीही बदल करू नका. फ्रिजशेजारच्या कालनिर्णयवर, जिथे दुधाचा हिशेब लिहिता, तिथेच रोज रात्री चार गोष्टी लिहा: काय जेवायचं ते कोणी ठरवलं, कोणी केलं किंवा मागवलं, कोणी वाढलं, मागचं कोणी आवरलं.

पुढच्या भेटीला पान फाडून आणलं होतं. करणाऱ्यांत चार-पाच नावं होती: पोळ्यांच्या मावशी, कोपऱ्यावरचं पोळीभाजी केंद्र, ऑनलाइन ऑर्डर, एकदा नवरा. 'कोणी ठरवलं' यात मात्र सातही दिवस एकच नाव. रविवारी नवरा मासळी आणायला गेला होता, पण बाजारातून त्याने दोनदा फोन केला. आधी "पापलेट आणू की बांगडे?" आणि मग "किती घेऊ?" ते पान त्यानेच वाचून दाखवलं आणि बराच वेळ काही बोलला नाही.

अपराधीपणाचं मूळ बहुतेक घरांत मला इथेच सापडतं. जेवण मागवलं तरी डोक्यातलं काम उरतंच. मुलाला मशरूम चालत नाहीत, आईंना खारट नको, उद्याच्या डब्याला काय, ऑर्डर आली तेव्हा घरी कोण असेल. केंद्र सरकारच्या 2024च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसातला सरासरी 289 मिनिटांचा वेळ त्यात जातो, पुरुषांचा 88 मिनिटांचा. ही विचार करण्याची मिनिटं त्यात कितपत धरली जात असतील? ती तर लोकलमध्ये उभ्याउभ्याच खर्च होतात.

आता सासूबाई. त्यांना मी मुद्दाम वेगळं भेटले. त्यांची तक्रार अगदीच बिनबुडाची नव्हती. दिवसभरात मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा असावं असं सांगतात. हॉटेलची ग्रेव्ही, सोबतचं लोणचं, पापड यात ते कधीच ओलांडलं जातं. बीपी असलेल्या माणसाने याची काळजी करायलाच हवी.

पण त्यांचं दुखणं वेगळं होतं. "ऑपरेशन झाल्यापासून मला ओट्यापाशी कोणी येऊ देत नाही. काय मागवायचं, तेही विचारत नाहीत. ताट समोर येतं, मी जेवते." चाळीस वर्षं घर जेवू घातलेल्या बाईला सगळ्यांनी प्रेमानेच रिकामं बसवलं होतं.

बोलता बोलता त्यांनी माहेरचं सांगितलं. लालबागच्या चाळीत त्यांच्या आईची खानावळ होती. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार बायकामुलांना गावी ठेवून इथे राहायचे आणि महिन्याच्या हिशेबावर जेवायचे. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू करून ज्या खानावळवाल्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली, तशाच या बाई. पहाटे चारला भाकऱ्या थापायला बसायच्या. 1982चा संप लागला आणि जेवणारेच गावी गेले. कित्येकांची बिलं बुडाली, तरी आईने त्यांना कधी नावं ठेवली नाहीत, हे सांगताना सासूबाईंचा आवाज चढला होता.

मी विचारलं, "ते गडी दुसऱ्याच्या हातचं जेवायचे, म्हणून गावी त्यांच्या बायकांना कोणी बोल लावायचं का?" त्या म्हणाल्या, "छे! त्यांचा काय दोष?" आणि मग हळूच, "सुनेला मी बोलायला नको होतं."

मुंबईचा हा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो. 1890 च्या सुमाराला सुरू झालेले डबेवाले, गिरणगावच्या खानावळी, दादर-माटुंग्याची उपाहारगृहं, आताची पोळीभाजी केंद्रं. हे शहर पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या हातचं जेवत आलंय. चारी ठाव स्वयंपाक रोज स्वतःच्या हाताने करणारी जी बाई डोळ्यांसमोर ठेवून आपण स्वतःला नापास करतो, तिला साडेआठच्या लोकलने घरी यायचं नव्हतं.

तिघांना एकत्र बसवून जे ठरलं ते साधं होतं. मंगळवार आणि शुक्रवार नवऱ्याचे. करायचं की मागवायचं, काय, किती, सगळं त्याने ठरवायचं आणि फोन करायचा नाही. बायकोने त्या दिवशी सूचना द्यायची नाही. हे दुसरं फार जड गेलं. पहिल्या शुक्रवारी त्याने चार माणसांना बावीस पोळ्या आणल्या आणि भात लावायचा राहिला. त्या मला म्हणाल्या, "ओठ घट्ट मिटून बसले होते मी." दुसऱ्या दिवशी नाश्त्याला फोडणीची पोळी झाली, बिघडलं काहीच नाही.

सासूबाईंसाठी ओट्याजवळ पाठ टेकता येईल अशी खुर्ची आली. भाजी निवडणं, लसूण सोलणं आणि त्या दिवशी कोणती भाजी ते सांगणं त्यांच्याकडे. नातवाला त्या आमटीची फोडणी शिकवतात. बाहेरचं आणायचं तर पोळ्या आणि सुकी भाजी बाहेरची, वरण घरच्या कुकरमधलं, म्हणजे मीठ हातात राहतं. रात्री उरलेलं मुंबईच्या दमट हवेत ओट्यावर ठेवायचं नाही, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये.

डिलिव्हरीची बेल वाजली की सासूबाई अजूनही कधीकधी पुटपुटतात. शेवटच्या भेटीत मात्र तिघं वाद घालत होते ते गणपतीवरून. उकडीचे मोदक घरी करायचे की बचत गटाच्या बायकांकडून आणायचे? सुनेला ऑर्डर हवी होती, नवऱ्याला घरचे. मी विचारलं, हे कोण ठरवणार? दोघांनीही आईंकडे बघितलं. सासूबाईंनी पर्स उघडून बचत गटाचं कार्ड काढलं आणि म्हणाल्या, "आधी दोन मोदक आणून चव बघते. मग सांगते."